पेशी, परिसर आणि प्रारब्ध

अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड किंवा मोठे आतडे यांपैकी एखाद्या अवयवात कर्करोग असल्याचे निदान झाले की वैद्यकाच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न घरात शिरतो, आणि तो वैद्यकाचा नसतो. काय झाले आहे आणि पुढे काय करायचे यांची उत्तरे बायोप्सीचा अहवाल आणि शल्यचिकित्सक देतात. हे याच्याच वाट्याला का आले, या प्रश्नाचे उत्तर मात्र नातेवाईक, शेजारी आणि पुष्कळदा रुग्ण स्वतः कर्मविपाकाच्या सिद्धान्तातून काढतो. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यात हा प्रश्न निव्वळ ग्रंथातला राहत नाही, कारण येथली कुटुंबे मध्य रेल्वेच्या लोकलने परळला उतरून टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या रांगेत उभी राहतात, आणि तीच कुटुंबे ठाण्याच्या कोपिनेश्वराच्या किंवा डोंबिवलीच्या गणेश मंदिरात प्रवचनालाही बसतात. पाचक अवयवांच्या कर्करोगाचा रेणवीय अभ्यास, म्हणजे पेशीतील जनुके, प्रथिने आणि पेशींनी एकमेकींना धाडलेले रासायनिक संदेश यांच्या पातळीवर चाललेला अभ्यास, गेल्या काही दशकांत ‘कारण’ या कल्पनेलाच वेगळे वळण देत आला आहे. त्या वळणापुढे कर्मविपाकाचा हा नित्याचा वापर टिकतो का, हे पाहिले पाहिजे.

कर्मविपाक म्हणजे केलेले कर्म पिकून भोगास येणे. शास्त्रकारांनी कर्माचे तीन भाग सांगितले आहेत: अनेक जन्मांचे साठलेले ते संचित, त्यातून या देहात भोगण्यासाठी सुरू झालेले ते प्रारब्ध, आणि आज हातून घडत असलेले ते क्रियमाण. या विभागणीत पुष्कळ बारकावे आहेत, पण रुग्णाच्या उशाशी बसून ‘भोग आहेत, दुसरे काय’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा ते सारे गळून पडतात आणि एक सरळ रेषा तेवढी उरते. तिच्या एका टोकाला एक कर्ता व त्याचे एक दुष्कृत्य असते आणि दुसऱ्या टोकाला त्याचे फळ. कर्करोगाच्या रेणवीय अभ्यासाचा पहिला मोठा कालखंडही, विलक्षण वाटले तरी, आकाराने याच रेषेसारखा होता. १९९० मध्ये एरिक फिअरन आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची पायरीपायरीची उपपत्ती मांडली, जीत अस्तरातील एका पेशीतले ‘एपीसी’ हे जनुक बिघडते, तेथे पॉलिप नावाचा मांसल उंचवटा उगवतो, मग ‘केरास’ या जनुकातील बदलामुळे वाढीचा संदेश बंदच होईनासा होतो, आणि शेवटी बिघडलेल्या पेशीला रोखणारे ‘पी-५३’ निकामी झाले की पॉलिपचा कर्करोग होतो. ही उपपत्ती आजही प्रमाण मानली जाते. परंतु तिच्या ढोबळ अर्थाने दीर्घकाळ अशी समजूत रूढ केली की दोष शोधायचा तो पेशीच्या आत, आणि बाकीचे शरीर म्हणजे ज्याच्यावर आपत्ती कोसळली असा निरपराध प्रदेश.

ही रेषा अपुरी असल्याची शंका जुनी आहे. जर्मन रोगविकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८६३ मध्ये गाठींत रक्तातील पांढऱ्या पेशी पाहून दीर्घकाळच्या दाहाचा आणि कर्करोगाचा संबंध सुचवला होता. १८८९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या आणि रोग वाटेल तेथे न पसरता ठरावीक अवयवांतच रुजतो हे पाहून बीजाइतकाच जमिनीचाही विचार केला पाहिजे असे प्रतिपादन केले. पुढे १९८६ मध्ये हॅरल्ड ड्व्होरॅक यांनी गाठीला कधीच न भरणारी जखम म्हटले, कारण जखम भरून काढणारी शरीराची सगळी यंत्रणा गाठीभोवतीही कामाला लागते, फक्त तिला थांबण्याचा निरोप मिळत नाही. गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यात कोलॅजनचे धागे विणणाऱ्या तंतुजनक पेशी दिसतात, नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या दिसतात, जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशी दिसतात, परक्या वा बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी दिसतात. आतड्याच्या गाठीत जिवाणूही आढळतात. या साऱ्या शेजाराला मिळून गाठीचा सूक्ष्मपरिसर म्हटले जाते, आणि आजच्या संशोधनाचा मोठा भाग त्यातील कोणती पेशी कोठे बसली आहे व तेथे तिची कोणती जनुके चालू आहेत याचा नकाशा काढण्यात गुंतलेला आहे.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने यातले दोन निष्कर्ष फार महत्त्वाचे आहेत. पहिला १९७५ चा. बिआट्रिस मिंट्झ आणि कार्ल इल्मेन्से यांनी उंदराच्या एका विशिष्ट कर्करोगाच्या, म्हणजे टेराटोकार्सिनोमाच्या, पेशी अगदी आरंभीच्या अवस्थेतील भ्रूणात सोडल्या. त्या भ्रूणांतून निरोगी उंदीर जन्मले आणि त्यांच्या निरोगी अवयवांत त्याच पेशींची संतती नांदत असल्याचे आढळले. हा कर्करोग अपवादात्मक जातीचा आहे आणि सर्वच कर्करोगपेशी अशा वळणावर येतील असे नाही, पण पेशीचे चारित्र्य तिच्या परिसरापासून सर्वस्वी स्वतंत्र नाही एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. दुसरा निष्कर्ष २०१८ चा आहे आणि तो थेट अन्ननलिकेविषयी आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी कर्करोग नसलेल्या माणसांच्या अन्ननलिकेचे अस्तर तपासले तेव्हा असे दिसले की मध्यमवयापर्यंत त्या अस्तराचा निम्म्याहून अधिक भाग जनुकीय बदल झालेल्या पेशींच्या वसाहतींनी व्यापलेला असतो, आणि त्यांतले बरेच बदल कर्करोगातही सापडणारे आहेत. ‘नॉच-१’ या जनुकातील बदल तर कर्करोगापेक्षा निरोगी अस्तरातच अधिक आढळला. पुढे २०२१ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून असेही दिसले की या बदललेल्या वसाहती नव्याने उगवणाऱ्या सूक्ष्म गाठींना रेटून अस्तरातून बाहेर घालवू शकतात. म्हणजे ज्याला दोष म्हणायचे तो बहुतेक सर्व माणसांच्या अंगात, वयोमानाने, मुकाट्याने असतो. बहुतेकांना त्याचे फळ कधीच मिळत नाही, आणि कधीकधी एक दोष दुसऱ्या दोषाला आवरून धरतो. कर्म आणि फळ यांच्यामधली सरळ रेषा येथेच तुटते.

तथापि परिसर हाच खरा अपराधी आहे असे मानून मोकळे होता येत नाही, आणि हा धडा स्वादुपिंडाच्या कर्करोगाने फार मोठी किंमत घेऊन दिला. या कर्करोगाची गाठ हाताला दगडासारखी कठीण लागते, कारण तिच्यात कर्करोगाच्या पेशी थोड्या असतात आणि बाकीचे बहुतेक आकारमान तंतुमय ऊतीचे असते. स्वादुपिंडात एरवी निवांत असलेल्या तारकापेशी चेतवल्या जातात, त्या कोलॅजन विणत राहतात, त्या विणीत रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि केमोथेरपीचे औषध गाठीच्या आतपर्यंत पोहोचतच नाही. हा कोट पाडला की औषध आत जाईल, हा तर्क सरळ होता. २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगात तो खराही ठरला: तंतुमय ऊतीला पोसणारा ‘हेजहॉग’ नावाचा संदेश औषधाने थोपवला तेव्हा गाठीतील रक्तवाहिन्या वाढल्या, केमोथेरपी आत पोहोचली आणि उंदीर अधिक जगले. मग तोच उपाय माणसांवर करून पाहण्यात आला आणि २०१२ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण नवे औषध मिळालेल्या रुग्णांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी याचे कारण दाखवले. उंदरांत ती तंतुमय ऊती काढून टाकली की गाठी अधिक उग्र होत होत्या. जी ऊती औषधाला अडवत होती, तीच कर्करोगालाही काही अंशी अडवून होती. त्यानंतरच्या अभ्यासांत तर एकाच जातीच्या तंतुजनक पेशी गाठीला लागून असताना एक रूप घेतात आणि थोड्या अंतरावर असताना दाह वाढवणारे दुसरे रूप घेतात, आणि जागा बदलली की रूपही बदलू शकतात, असे आढळून आले. ‘साथीदार’ आणि ‘पहारेकरी’ ही दोन्ही विशेषणे एकाच पेशीला लागू पडत असतील तर दोषारोपाची भाषाच तेथे निरुपयोगी होते. विज्ञानाने येथे एका अपराध्याऐवजी दुसरा अपराधी उभा केलेला नाही. अपराधी शोधण्याची रीतच अपुरी असल्याचे दाखवले आहे, आणि ही गोष्ट ज्यांनी त्या चाचणीत आपले शरीर दिले त्या रुग्णांच्या ऋणात राहून समजून घेतली पाहिजे.

या विचाराची एक शाखा मुंबईतच, मराठी माणसांच्या हातून, फार लवकर फुटलेली होती. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तेथील रोगविकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १९४५ मध्ये खानोलकर आणि सूर्याबाई यांनी भारतातील तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांवर जो शोधनिबंध लिहिला, त्याचा विषयच कर्करोग आणि चालीरीती यांचा संबंध हा होता: पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग, खैनी दाबून ठेवणाऱ्यांच्या ओठाचा कर्करोग, आणि धोतर घट्ट कसल्याने कमरेवर होणारा कर्करोग. धोतराचा काच ज्या जागी पडतो तेथेच रोग होतो, ही नोंद कर्मविपाकाविषयी एक शब्दही न बोलता त्याच्याविषयी पुष्कळ काही सांगून जाते. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलेल्या डॉ. कमल रणदिवे पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकल्या, म्हणजे शरीराबाहेर, काचपात्रात, पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र, आणि मुंबईत परतून त्यांनी भारतातील त्या विषयाची पहिली प्रयोगशाळा उभारली. पेशीला तिच्या शेजारापासून तोडून पाहता आले म्हणूनच शेजाराचे महत्त्व पुढे मोजता आले. ज्यांनी आधी वेगळे केले त्यांच्यामुळेच नंतरच्यांना जोडता आले. ही प्रयोगशाळा ज्या संशोधन केंद्रात होती, त्या १९५२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राचा वारसा आज खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत चालतो, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने तेथवर जाता येते.

आता परंपरेकडे वळले तर असे दिसते की एककर्तृत्वाची ती सरळ रेषा परंपरेच्या उत्तम ग्रंथांनीही मान्य केलेली नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे ज्या ठिकाणी कर्म घडते ते क्षेत्र वा देह, कर्ता, निरनिराळी करणे, म्हणजे साधने, त्यांचे वेगवेगळे व्यापार, आणि पाचवे दैव. त्यानंतर लगेच असा निर्णय दिला आहे की इतके असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन आहे. गीतेला तेथे रोगाची मीमांसा करायची नव्हती, कर्तृत्वाचा अहंकार सोडवायचा होता, हे विसरता कामा नये. पण कर्तृत्वाचा अहंकार जर अज्ञान असेल तर दुसऱ्याच्या रोगाचे संपूर्ण कर्तृत्व त्याच्याच माथी मारणे हेही त्याच जातीचे अज्ञान ठरते, आणि गीतेवर प्रवचन करणाऱ्याला हा पुढचा पाय टाकायला कोणतीही अडचण असू नये.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय याहूनही नेमका आहे. अग्निवेश विचारतो की माणसांच्या प्रकृती, आहार, बळ, वय ही सगळी भिन्न असताना एकाच वेळी, एकाच रोगाने संबंध जनपद कसे उद्ध्वस्त होते. त्यावर पुनर्वसू आत्रेय सांगतात की या गोष्टी भिन्न असल्या तरी वायू, उदक, देश आणि काल हे चार सर्वांना समान असतात आणि ते बिघडले की सर्वांवर परिणाम होतो. या बिघाडाचे मूळ म्हणून तेथे अधर्म सांगितला आहे, परंतु तो रोग्याचा वैयक्तिक अधर्म नव्हे. देश, नगर आणि श्रेणी यांच्या प्रमुखांनी धर्म सोडला की तो खाली झिरपत जातो असा तो विचार आहे. आयुष्य ठरलेले असते का, या प्रश्नाला त्याच अध्यायात दैव आणि पुरुषकार, म्हणजे मानवी प्रयत्न, या दोहोंच्या बलाबलावर ते अवलंबून असते असे उत्तर आहे, आणि सर्वच ठरलेले असते तर औषधाची गरजच राहिली नसती असा युक्तिवादही आहे. कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाला ‘उदक’ हा शब्द वाचताना वालधुनी आठवल्यावाचून राहणार नाही. अंबरनाथला या नदीच्या काठी १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे, आणि तीच नदी पुढे उल्हासनगर-कल्याणच्या वस्त्यांतून सांडपाणी व कारखान्यांचे पाणी घेऊन उल्हास नदीकडे जाते. या पाण्याने अमुक अवयवाचे अमुक इतके कर्करोग झाले असे विधान मोजणीशिवाय करणे हा शास्त्राशीही अप्रामाणिकपणा होईल आणि रुग्णांशीही. मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून चाललेल्या कर्करोग-नोंदणीचे मोल नेमके यासाठी आहे. परंतु आत्रेयांनी प्रश्न जसा विचारला तसा विचारणे, म्हणजे या रोग्याने काय केले याआधी सर्वांना समान असलेले काय बिघडले हे विचारणे, हाच प्रश्नाचा धर्म्य क्रम आहे.

बौद्ध परंपरा या बाबतीत सर्वांत स्पष्ट बोलते. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की माणूस जे जे सुख-दुःख अनुभवतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणाऱ्यांविषयी आपले मत काय. बुद्ध आठ कारणे मोजून दाखवतात: पित्त, कफ, वात, या तिघांचा संनिपात, ऋतूतील बदल, अयोग्य राहणी, आकस्मिक आघात आणि कर्मविपाक. सर्वच पूर्वकर्माचे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे जातात आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टींच्याही पुढे जातात, असा त्यांचा अभिप्राय आहे. कर्मविपाक येथे नाकारलेला नाही, पण त्याला आठांतले एक करून त्याची सत्ता मर्यादित केली आहे. कल्याणच्या वाचकांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. ठाणे आणि बोरिवली यांच्यामधल्या डोंगरातील कान्हेरीच्या लेण्यांत जे दानलेख कोरलेले आहेत त्यांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथात आणखी पुढचे पाऊल टाकले आणि असे दाखवले की दुःखाचे खापर गतजन्मावर फोडण्याने राज्य आणि समाज यांना गरिबांच्या अवस्थेची जबाबदारी टाळता येते. जठराच्या कर्करोगाबाबत या विधानाचा अर्थ शब्दशः लागतो. १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरात राहणारा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू ओळखला तोवर जठरव्रणाचे कारण म्हणून रुग्णाच्या चिंतेकडे आणि स्वभावाकडे बोट दाखवले जात होते; आज हे ज्ञात आहे की हा संसर्ग बहुधा बालपणीच, दाटीवाटीच्या घरात, होतो, दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो, अस्तर झिजते, त्याचे रूप बदलते आणि थोड्या जणांत शेवटी कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जिवाणूला कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात घातले. पाच वर्षांच्या मुलाने कोंदट खोलीत सांडपाणी शिरलेल्या नळाचे पाणी प्यावे, आणि साठाव्या वर्षी त्याला त्याचे कर्म सांगितले जावे, यासारखा अन्याय दुसरा नाही.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घ्यावा लागतो. कर्मविपाकाने अनेकांना आधार दिलेला आहे. जग निर्हेतुक नाही, आपले दुःख हिशेबाबाहेरचे नाही, या विश्वासावर कितीतरी रुग्णांनी वेदना शांतपणे सोसल्या आहेत, आणि तो आधार काढून घेऊन विज्ञान त्यांच्या हाती काय देते? काही वेळा ते योगायोग तेवढा देते: क्रिस्टियन टोमासेट्टी आणि फोगेलस्टाइन यांनी २०१५ मध्ये असे मांडले की वेगवेगळ्या अवयवांतील कर्करोगाच्या प्रमाणात जो फरक दिसतो त्याचा मोठा भाग मूलपेशींच्या विभाजनात सहज घडणाऱ्या चुकांनी स्पष्ट होतो. श्वेताश्वतर उपनिषदात जगाच्या संभाव्य कारणांच्या यादीत काल, स्वभाव, नियती यांच्या जोडीला यदृच्छाही आहे, तेव्हा योगायोगाचा विचार या भूमीला नवा नाही. तरी त्याने सांत्वन होत नाही हे खरे आहे. या आक्षेपाचे उत्तर कर्मसिद्धान्त खोटा ठरवण्यात नाही. रेणवीय संशोधन पूर्वजन्माविषयी काहीच सांगू शकत नाही आणि सांगण्याचा आव त्याने आणूही नये. उत्तर आहे ते हा सिद्धान्त कोणी कोणाविषयी उच्चारायचा या विवेकात. रुग्ण स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणतो तेव्हा तो ते दुःख स्वीकारण्याची शक्ती गोळा करत असतो. तेच वाक्य दुसऱ्याने त्याच्याविषयी म्हटले की तो निवाडा होतो, आणि ज्या कर्माला शास्त्रांनीच अदृष्ट म्हटले, ज्याचा मार्ग गीतेने कळण्यास अवघड म्हटला, त्याविषयी असा निवाडा देण्याचा अधिकार कोणालाही नाही. लोकमान्य टिळकांनीही गीतारहस्यात कर्मविपाकाचे प्रकरण लिहिताना त्याला आत्मस्वातंत्र्याची जोड शीर्षकातच दिली आहे. सिद्धान्त वापरायचा तो पुढच्या कृतीसाठी, मागच्या दोषाच्या उकरणीसाठी नव्हे.

हाच निकष आधुनिक दोषारोपालाही लावावा लागतो, कारण ‘पूर्वजन्मीचे पाप’ म्हणायला संकोचणारी सुशिक्षित घरे ‘बाहेरचे खाणे नडले’, ‘फार मनाला लावून घेत असत’ असे सहज म्हणून जातात. तंबाखू, मद्य, लठ्ठपणा यांचा पाचक अवयवांच्या अनेक कर्करोगांशी संबंध पक्का आहे आणि तो मोठ्याने सांगितलाच पाहिजे. पण तो निरोगी माणसाला सांगायचा, आणि रोग जडलेल्याला सांगायचा तो व्यसन सोडण्यापुरता. कारण दाखवणे आणि दोष देणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

या विवेचनाला एक टोचणारी व्यावहारिक बाजू आहे. काही कुटुंबांत मोठ्या आतड्याचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या, आणि तोही तरुण वयात, होत राहतो. अमेरिकेतील रोगविकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना १८९५ मध्ये त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने आपल्या घराण्यातील पुष्कळांप्रमाणे आपणही कर्करोगानेच मरणार असे सांगितले, आणि तसेच झाले. त्या कुटुंबाचा वृत्तान्त त्यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे हेन्री लिंच यांनी त्याचा पाठपुरावा केल्यामुळे या विकाराला लिंच सिंड्रोम हे नाव मिळाले. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी जनुके यात जन्मतःच सदोष असतात, आणि तो दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. वरवर पाहता याहून अधिक प्रारब्धासारखे दुसरे काही नाही. तरीही असा दोष घेऊन जन्मलेल्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही. शिवाय या गाठींत चुका इतक्या साठतात की टी-पेशींना त्या परक्या म्हणून ओळखू येतात आणि गाठीत त्यांची गर्दी होते. गाठ मात्र त्यांच्यावर ब्रेक लावून स्वतःला वाचवते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गुदाशयाच्या अशा दुरुस्ती-दोष असलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना तो ब्रेक काढणारे डोस्टार्लिमॅब हे औषध दिले गेले आणि उपचार पूर्ण केलेल्या पहिल्या सर्व १२ रुग्णांच्या गाठी तपासणीत दिसेनाशा झाल्या. शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार कोणालाही द्यावे लागले नाहीत. त्या औषधाने कर्करोगाच्या पेशीला हातही लावला नव्हता, तिच्या शेजाऱ्यांना मोकळे केले होते.

पण औषधाची वेळ येण्याआधीच जे करता येते ते घराघरांतील मौनाने होत नाही. लग्नाची मुले-मुली घरात आहेत, लोक काय म्हणतील, घराण्याला काही दोष आहे असे होईल, या भीतीने आजोबांचा ‘पोटाचा आजार’ नाव न घेता राख होतो, काकांचा कर्करोग चुलत भावंडांना कळत नाही, आणि ज्यांना वेळीच सावध करता आले असते ती पुढची पिढी चाळिशीत त्याच रांगेत उभी राहते. या मौनाचे मूळ रोग म्हणजे अपराधाचे फळ या समजुतीत आहे, आणि ती समजूत सोडवण्याचे काम डॉक्टरांपेक्षा कीर्तनकार-प्रवचनकार अधिक चांगले करू शकतील, कारण चरक, सीवकसुत्त आणि गीतेचा अठरावा अध्याय त्यांच्या हाताशी आहेत आणि श्रोते त्यांचे ऐकतात. ज्या घरात मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग पन्नाशीच्या आत कोणाला झाला आहे, किंवा एकाहून अधिक रक्ताच्या नात्यांत झाला आहे, त्या घराने रोगाचे नाव, अवयव आणि निदानाच्या वेळचे वय लिहून ठेवावे, ते भावंडांना व मुलांना सांगावे, आणि टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी असलेल्या कर्करोग-जनुकशास्त्राच्या विभागात सल्ला घ्यावा. लिंच सिंड्रोम असलेल्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, सामान्यतः वयाच्या विसाव्या ते पंचविसाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी करावी लागते, आणि त्या तपासणीत दिसलेला पॉलिप त्याच वेळी काढून टाकता येतो.